देवळालीचा ताप

दर मंगळवारी दुपारी साडेतीनला माझा इंग्लंडमधल्या टीमबरोबर कॉल असतो. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. पहिली पाच मिनिटं हवामान, कुत्री आणि घरातल्या दुरुस्त्या यांवर जातात, मग काम. जानेवारीतल्या एका मंगळवारी तिकडची मॅनेजर सांगत होती, की तिच्या घरचा बॉयलर बंद पडलाय. दुरुस्त करणारा माणूस तीन आठवडे झाले आज येतो, उद्या येतो करतोय. थंडीचं काही नाही, पण त्याची वाट बघून बघून ती पार 'डूलॅली' झालीय.

सगळे हसले. मीही हसले. शब्द कळला नव्हता, पण कॉलवर सगळे हसले की आपणही हसायचं असतं, एवढं मी चार वर्षांच्या नोकरीत शिकलेय.

म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये शब्द शोधला. अर्थ : डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. वापर : ब्रिटिश, बोलीभाषेतला, आता काहीसा जुना. आणि खाली एका ओळीत उगम : मुंबईपासून शंभरेक मैलांवर असलेल्या देवळाली या लष्करी छावणीच्या नावावरून.

ती ओळ मी तीनदा वाचली. माझ्या आधार कार्डावर हा शब्द छापलेला आहे.

मी देवळाली कॅम्पची. आमच्याकडे नुसतं 'कॅम्प' म्हणतात. देवळालीगाव वेगळं, ते नाशिक रोडला. कॅम्प म्हणजे लॅम रोड, हौसन रोड, खंडोबाची टेकडी, सॅनिटोरियमची जुनी घरं आणि तोफांचा सराव असला की थरथरणाऱ्या खिडक्या. बाहेरचा माणूस पहिल्यांदा तो आवाज ऐकून दचकतो. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो.

मी अनम्यूट करून म्हणाले, ''तो शब्द माझ्या गावाच्या नावावरून आलाय. मी तिथलीच आहे.''

दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग मॅनेजरने घाईघाईने माफी मागितली. तिच्या आजोबांच्या तोंडी तो शब्द सतत असायचा, चष्मा फ्रिजमध्ये सापडला की ते म्हणायचे 'गेली तुझी आजी डूलॅली', पण ते एखाद्या जागेचं नाव असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मी म्हणाले, माफी कसली मागतेस, मला मजा वाटली.

खरंच वाटली. संध्याकाळपर्यंत मी तो स्क्रीनशॉट शाळेच्या ग्रुपवर टाकला होता. 'म्हणजे आपण ऑफिशियली वेडे', 'कॅम्पच्या पोरांना आधीपासून माहीत होतं', असे धडाधड रिप्लाय आले. त्या भरात मी तोच स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं : 'आपलं गाव इंग्रजी डिक्शनरीत. अर्थ वेडे!' आणि हसून रडणाऱ्या तीन इमोजी.

मिनिटभराने पोटात खड्डा पडला. त्या ग्रुपवर दादा आहे.

मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. पण त्याआधीच दोन निळ्या टिक्स आल्या होत्या.

*

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. इंजिनिअर. अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करत करत त्याने एका सरकारी पदाची परीक्षा दिली. पहिल्यांदा थोडक्यात गेली, दुसऱ्यांदा तो पास झाला. यादीत त्याचं नाव आलं त्या दिवशी पप्पांनी लॅम रोडवरच्या दुकानातून चार किलो पेढे आणले. गल्लीत कुणी उरलं नाही. कागदपत्रांची तपासणी झाली. मेडिकल झालं. नियुक्तीचा आदेश महिन्या-दोन महिन्यांत येईल असं सगळेच म्हणत होते, म्हणून दादाने नोटीस देऊन नोकरी सोडली.

आदेश आला नाही. आधी कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून. मग निवडणुकीची आचारसंहिता म्हणून. मग काहीच कारण नाही म्हणून. चौकशी केली की एकच उत्तर : प्रक्रिया सुरू आहे. त्या जानेवारीत या सगळ्याला एकोणीस महिने झाले होते.

पहिले काही महिने तो मजेत होता. झोप काढली, मित्रांबरोबर त्र्यंबकला जाऊन आला, आईला सिलिंग फॅन पुसून दिले. मग हळूहळू काहीतरी बदलत गेलं. अभ्यासिकेत जाणं बंद झालं, कारण पास झालेला माणूस तिथे काय करणार. मधल्या काळापुरती दुसरी नोकरी बघितली तर मुलाखतीत विचारायचे, 'आदेश आला की सोडून जाणार ना?' त्याला खोटं बोलता यायचं नाही. लग्नाची स्थळं यायची, बायोडेटा बघून खूश व्हायची आणि म्हणायची, 'ऑर्डर हातात आली की बसू या.'

म्हणजे तो विद्यार्थी नव्हता, नोकरदार नव्हता, बेकारही नव्हता. फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं ते त्याला कळायचं नाही.

त्यानंतर त्याच्या सवयी विचित्र होऊ लागल्या. पहाटे पाचला उठून विभागाची वेबसाइट उघडायची. पाचला कुठलं सरकारी ऑफिस काय अपलोड करतं? पण पाचला. दर रविवारी रात्री पांढरा शर्ट इस्त्री करून हँगरला लावायचा, सोमवारी संध्याकाळी घडी करून ठेवायचा. कागदपत्रांची फाइल रोज काढून त्यातले कागद क्रमाने आहेत का बघायचे. दुपारी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या बघायच्या. कुठेही जायचं नसायचं.

आई फोनवर हळू आवाजात सांगायची, ''आजही तीन तास बसला होता गं स्टेशनवर. पानवाला यांना सांगत होता.''

मग मागच्या मे महिन्यात मावसभावाची हळद. जेवणाच्या रांगेत एका काकांनी दादाच्या खांद्यावर हात टाकून मोठ्याने विचारलं, ''काय साहेब, सही कधी करताय आमच्या फायलींवर?'' काका वाईट नव्हते. पण दादाने हातातलं ताट जमिनीवर आपटलं. वरण-भात काकांच्या धोतरावर, आजूबाजूच्या बायकांच्या साड्यांवर. सनई वाजत राहिली आणि मांडव गप्प झाला.

त्याला बाहेर नेताना मी त्याच्या अंगावर ओरडले, ''दादा, वेडा झालायस का तू?''

त्याने उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून नातेवाइकांत तोच शब्द फिरू लागला. 'डोक्यावर परिणाम झालाय.' 'अभ्यास करून करून होतं असं.' मी तो शब्द सगळ्यांच्या आधी वापरला होता, हे मात्र मी सोयीने विसरले.

*

स्क्रीनशॉट डिलीट केल्यावर मला झोप आली नाही. मग त्या शब्दामागे लागले. अपराधी वाटत असलं की माझं असंच होतं, मी माहिती गोळा करत बसते.

पूर्ण वाक्प्रचार होता 'डूलॅली टॅप'. आता इंग्लंडमध्ये शेपूट गळून नुसतं 'डूलॅली' उरलंय. इंग्रजीत टॅप म्हणजे नळ किंवा टिचकी, म्हणून अनेकांना वाटतं की डोक्यावर टिचकी बसलेला माणूस. पण तो टॅप त्यातला नाही. तो आपला ताप आहे. गोऱ्या शिपायांनी हिंदुस्थानी बोलीत ऐकलेला, अंगात येणारा ताप. कोशकार तो फारसीतल्या 'तप'पर्यंत नेतात, संस्कृतात तो आहेच. दोन्ही भाषा चुलत बहिणी असल्यामुळे या शब्दावर दोघींचाही हक्क आहे.

म्हणजे याचं मराठीत भाषांतर करायचं कामच नाही. डूलॅली टॅप म्हणजे देवळालीचा ताप. आणि आपण तर ताप डोक्यालाही लावतो. 'डोक्याला ताप झालाय नुसता' हे मी दिवसातून चारदा म्हणते. शिपायांना हे माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांनी शब्द बरोबर ठिकाणी नेऊन ठेवला.

असे शब्द त्यांनी पोत्याने उचलले. चिठ्ठीचं 'चिट' केलं. आरामाच्या नोकरीला खुशीवरून 'कुशी' म्हणू लागले. आणि विलायती या शब्दाचं झालं 'ब्लायटी', म्हणजे घर, मायदेश. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात लढणारे इंग्रज सैनिक घराच्या आठवणीने ब्लायटी-ब्लायटी करायचे, तो शब्द इथल्या बाजारातून गेलेला. त्या युद्धानंतर १९२५ मध्ये सैनिक आणि खलाशांच्या बोलीचा एक कोश इंग्लंडमध्ये निघाला, त्यात देवळालीचा ताप आहे. घराचं नाव आणि वेडाचं नाव, दोन्ही त्यांनी इथूनच नेलं. मला वाटतं ते दोन शब्द एकमेकांना धरूनच गेले असावेत. त्याचं कारण पुढे.

ब्रिटिशांनी देवळालीला छावणी उभारली १८६१ मध्ये. मुंबई बंदर हाताशी, पण मुंबईचा दमटपणा नाही. पुढे १८६५ मध्ये कसाऱ्याच्या घाटातली रेल्वे सुरू झाली आणि बंदरावरून थेट घाटावर येणं सोपं झालं. बोटीतून नव्याने उतरलेले शिपाई इथे थोडे दिवस राहून हवेला सरावायचे, मग आपापल्या पलटणीकडे जायचे. आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली, ते देशभरातून इथे येऊन परतीच्या बोटीची वाट बघायचे. अशांना सैन्यात 'टाइम-एक्स्पायर्ड' म्हणत. औषधाच्या बाटलीसारखं.

गोम बोटीत होती. सैन्य नेणाऱ्या बोटी वर्षभर चालत नसत. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात तांबडा समुद्र म्हणजे भट्टी, आणि जूननंतर अरबी समुद्रात मान्सून. त्यामुळे ज्याची मुदत हंगामात संपली तो सुटला. ज्याची हंगाम संपता संपता संपली आणि शेवटच्या बोटीत जागा मिळाली नाही, तो पुढचा हंगाम उजाडेपर्यंत अडकला. एप्रिल-मेचं ऊन, मग चार महिन्यांचा पाऊस, मग ऑक्टोबर हीट.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई होता. रॉयल वेल्च फ्युझिलिअर्स या पलटणीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी केली आणि १९३६ मध्ये 'ओल्ड सोल्जर साहिब' नावाचं आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात तो देवळालीबद्दल सांगतो. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक काळा ठिपका नाही अशी माणसं या छावणीत येऊन बिघडायची. करायला काही नाही, जबाबदारी नाही, दिवस संपत नाही. मग दारू, मारामाऱ्या. कुणी लष्करी तुरुंगात गेलं, कुणी बाजारात जाऊन रोग घेऊन आलं आणि इस्पितळात पडलं. आणि या सगळ्यात आलेली बोटही चुकायची. माणसं इथे चमत्कारिक वागायची म्हणून तसं वागणाऱ्या कुणालाही 'याला देवळालीचा ताप चढला' म्हणू लागले, असं त्याचं म्हणणं. मूळ कारण तो एकच सांगतो : कंटाळा.

या शब्दाची आणखीही कारणं सांगतात. कुणी म्हणतं मलेरिया, कुणी म्हणतं ऊन, कुणी म्हणतं तिथे वेड्यांचं इस्पितळच होतं. पण मला शिपायाचं म्हणणं पटलं. कारण वाचताना डोळ्यांसमोर एक माणूस येत होता, जो स्टेशनवरच्या बाकावर बसून गाड्या बघतोय.

हिंदुस्थानात असेपर्यंत त्या शिपायाला भीती होती, शिस्त होती, काम होतं. देवळालीला आल्यावर तो शिपाई राहिला नाही, पण अजून घरीही पोचला नव्हता. मधल्या जागेत होता. त्याने करायचं ते सगळं करून झालं होतं. उरलं होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं, आणि ते कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं.

एकोणीस महिन्यांत मी दादाला हे एकदाही विचारलं नव्हतं, की तू दिवसभर काय करतोस. म्हणजे विचारलं होतं. पण टोमणा म्हणून.

*

जागेवरून वेडाला नाव द्यायची पद्धत सगळीकडे असते. इंग्रजीत गोंधळाला 'बेडलम' म्हणतात, ते लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून, जिथे मनोरुग्ण ठेवत. आपल्याकडे पुण्याची माणसं 'येरवड्याला नेऊन सोडा याला' म्हणतात, मुंबईची 'ठाण्याला'. हिंदीत आग्रा आणि रांची आहेतच. शाळेत असताना आम्हीही एकमेकांना येरवड्याला पाठवत होतो, आणि येरवड्याला खरंच कुणाचं तरी माणूस भरती असेल हा विचार मनात यायचा नाही.

पण या सगळ्या जागा इस्पितळांच्या आहेत. माणूस आजारी पडला, मग तिथे गेला. देवळालीचं उलटं आहे. माणूस तिथे धडधाकट गेला. देवळाली दवाखाना म्हणून नाही, वेटिंग रूम म्हणून इंग्रजीत गेली. आमच्या गावाच्या नावावर जे वेड लागलंय ते ना हवेचं, ना पाण्याचं, ना इथल्या माणसांचं. ते बोटींच्या टाइमटेबलचं आहे.

आणि शब्दाने नेमकं तेच झाकून टाकलं. 'तो डूलॅली झाला' म्हटलं की वाक्यात फक्त तो उरतो. त्याला महिनोन् महिने कुणी बसवून ठेवलं, ते वाक्यात येतच नाही. टाइमटेबल बनवणाऱ्याला कुणी कुठला ताप चढल्याचं म्हटलं नाही.

१९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर एक विनोदी मालिका चालली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सैनिकांसाठी नाच-गाण्याचे कार्यक्रम करणारी एक तुकडी, आणि ती तुकडी कुठे? देवळालीला. मालिकेचा एक लेखक, जिमी पेरी, स्वतः तिथल्या अशा तुकडीत होता. मी तिचे तुकडे यूट्यूबवर बघितले. एक गोरा नट चेहरा रंगवून आपला पट्टेवाला झालाय, ते बघवत नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. युद्ध जवळजवळ संपलंय, घरी जायचंय, आणि सगळे बसून आहेत. विनोद सगळा त्यावरच. वाट बघणारा माणूस लांबून विनोदीच दिसतो.

मांडवात वरण-भात उडाला तेव्हाही मागे दोन पोरं हसत होती. मला त्यांचा राग आला होता. आणि ग्रुपवर तीन इमोजी टाकणारी मी.

*

फेब्रुवारीत सुट्टी जोडून आली तेव्हा मी घरी गेले. पुण्याहून एसटीने सिन्नरमार्गे नाशिक रोड, तिथून शेअर रिक्षाने कॅम्प. दादा रिक्षा स्टँडवर घ्यायला आला होता. दाढी केलेली. सोमवार होता, पांढरा शर्ट घातलेला. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी त्याला म्हणाले, ''चल खंडोबाला जाऊन येऊ.'' लहानपणी आम्ही पळत चढायचो ती टेकडी. दर्शन झालं, बाहेर कठड्याशी बसलो. खाली सगळा कॅम्प, झाडांतून डोकावणारी छपरं, पलीकडे भगूरकडे जाणारा रस्ता.

मी सांगायला सुरुवात केली. आधी शब्द, मग ताप, मग बोटी. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, ''तू टाकलेला मेसेज मी वाचला होता.''

''माहितेय.''

''मग डिलीट कशाला केलास? मला मजा वाटली.''

तो खोटं बोलत होता. त्याला ते अजूनही जमत नाही.

मी म्हणाले, ''हळदीच्या दिवशी मी तुला वेडा म्हणाले.''

''सगळेच म्हणाले.''

''मी आधी म्हणाले.''

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ''त्यांचं मला काही नाही वाटलं. ते रोज बघतात मला, कंटाळलेत. तू पुण्याहून दोन दिवसांसाठी आलीस आणि म्हणालीस.''

याला काही उत्तर नव्हतं. मी सॉरी म्हणाले. आमच्या घरात हा शब्द वापरत नाहीत, बहीण-भावांत तर नाहीच. तो म्हणाला, ''असू दे.''

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, ''मग आली का त्यांची बोट?''

''येणारच की. नोव्हेंबर लागला की पुन्हा बोटी सुरू.''

''म्हणजे त्यांना माहीत असायचं, नोव्हेंबरच्या आत नाही?''

''हो. हंगामच तसा होता.''

''बघ,'' तो म्हणाला, ''त्यांना महिना तरी माहीत होता.''

हे तो चिडून म्हणाला नाही. तोफखान्यातला माणूस अंतर मोजून सांगतो तसं सांगितलं. एकोणीस महिन्यांत मला जे कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यात कळलं. त्याला नोकरीची घाई नव्हती. त्याला फक्त एक तारीख हवी होती, कितीही लांबची असली तरी. दोन वर्षांनंतरची म्हणाले असते तरी त्याने मधली दोन वर्षं कुठेतरी लावली असती. 'लवकरच' या शब्दाने त्याचे दिवस खाल्ले. लवकरच म्हटल्यामुळे दुसरं काही सुरू करता येत नव्हतं, आणि लवकर काहीच होत नव्हतं.

पहाटे पाचची वेबसाइट, इस्त्रीचा शर्ट, क्रमाने लावलेले कागद. मी ज्याला वेड म्हणत होते ती त्याची शिस्त होती. कुणीच वेळापत्रक देत नाही म्हटल्यावर त्याने स्वतःचं एक बनवलं होतं.

*

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपये फी. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दादाने आधी दोनदा लिहून फाडला होता, 'उगाच नाव डोळ्यांवर यायचं' म्हणून. या वेळी त्याने प्रश्न एकच ठेवला : नियुक्ती आदेश कोणत्या तारखेपर्यंत देण्याचे नियोजन आहे? 'नियोजन' शब्दाखाली पप्पांनी पेनाने रेघ मारली. ''त्यांना दिसू दे,'' म्हणाले.

उत्तर तीस दिवसांच्या आत आलं. प्रक्रिया सुरू आहे.

मला रडू आलं. दादा मात्र त्या कागदाकडे बघून म्हणाला, ''ठीक. म्हणजे यांनाही माहीत नाही.'' आणि त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. इतके दिवस त्याची समजूत होती की तारीख कुठेतरी ठरलेली आहे आणि फक्त त्याच्यापासून लपवलीय. तारीखच नाही म्हटल्यावर पहाटे पाचला उठून काय बघायचं?

एप्रिलपासून तो त्याच जुन्या अभ्यासिकेत संध्याकाळी सहा ते आठ गणित शिकवतो. बारा मुलं आहेत. पैसे फार नाहीत. पण सहाला मुलं येऊन बसतात आणि हा गेला नाही तर फोन करतात. आई म्हणते, स्टेशनवर जाणं पूर्ण थांबलेलं नाही, पण आता तासाभरात येतो. शर्ट अजून रविवारी इस्त्री होतो. सोमवारी तो घालून तो शिकवायला जातो.

आदेश अजून आलेला नाही. हे लिहिते आहे तोपर्यंत तरी नाही.

आमची मॅनेजर हल्ली माझ्यासमोर तो शब्द वापरायचं टाळते. जिभेवर येतो आणि ती थांबते. मी तिला म्हणाले, वापर की, फक्त अर्धा वापरू नकोस, पूर्ण वापर. आणि 'ताप' म्हणजे काय ते समजावलं. तिला 'देवळाली' म्हणून दाखव म्हटलं. तीन प्रयत्नांत 'ळ' आला नाही. दादाला सांगितलं तर म्हणाला, ''ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं छावणी ठेवली तरी नाही आला, तुझ्या एका कॉलमध्ये काय येणार.''

गेल्या मंगळवारी कॉल चालू असताना त्याचा मेसेज आला. 'तुझ्या मॅडमचा बॉयलरवाला आला का शेवटी?'

मी टेबलाखाली फोन धरून टाइप केलं, 'तो कधीच आला. जानेवारीतच.'

'कसा काय?'

'तिने वैतागून फोन केला. त्याने गुरुवार सांगितला. गुरुवारी आला.'

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

'बरं झालं बिचारीचं.'